जुनाट आजार, जीवनशैली आणि ‘फंक्शनल मेडिसिन’ : अंबरपेठच्या शेजारचे धडे

हैदराबादच्या अंबरपेठ भागातून शिवम रस्त्याने पुढे गेले की उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. त्याच परिसराला लागून, तारनाक्याच्या बाजूला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था आहे. अंबरपेठ, काचीगुडा आणि सुलतान बाजार या भागांशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता आणि शिक्षण, नोकरी, व्यापार यांसाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. या कुटुंबांच्या आजच्या पिढीसमोर असलेला आरोग्याचा प्रश्न पुणे, पणजी किंवा नांदेड येथील कुटुंबांच्या प्रश्नाहून वेगळा नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉईडचे विकार, सांधेदुखी, पित्त आणि निद्रानाश हे आजार एकदा घरात आले की सहसा जात नाहीत. गोळ्यांची संख्या वाढत जाते, तपासण्यांच्या कागदांची थप्पी वाढते, आणि ‘हे असेच चालायचे का?’ हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

याच प्रश्नाला उत्तर देण्याचा दावा करणारी एक विचारसरणी गेल्या काही वर्षांत भारतीय शहरांत पोहोचली आहे. तिला ‘फंक्शनल मेडिसिन’ म्हणतात. मराठीत कार्याधिष्ठित वैद्यक म्हणता येईल. रोगाला नाव देऊन गोळी देण्याऐवजी रोगाच्या मुळाशी जावे आणि आहार, झोप, हालचाल व मनःस्थिती यांत बदल करून शरीराचे कार्य पूर्ववत करावे, असे ती सांगते. या विचारातील मोलाचा भाग कोणता, शंकास्पद भाग कोणता आणि धोका कोठे आहे, याचा परामर्श येथे घेतला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची या पाहणीत तपासणी झाली होती. देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, १५.३ टक्के प्रौढांना मधुमेहपूर्व स्थिती आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे त्यात आढळले. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात होते : २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. लहानशा राज्यासाठी हा आकडा केवळ सांख्यिकी नव्हे. तो प्रत्येक वाड्यावरचा, जवळजवळ प्रत्येक घरातला आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी सुमारे ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचा अंदाज त्यात नोंदवला आहे. योग्य आहार आणि शारीरिक हालचाल यांमुळे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह ८० टक्क्यांपर्यंत टाळता येऊ शकतो, असेही त्यात म्हटले आहे. जीवनशैलीचा मुद्दा हा पर्यायी उपचारकांनी शोधून काढलेला नसून शासकीय विज्ञानसंस्थांचाही तोच मुख्य सल्ला आहे, हे आरंभीच लक्षात घेणे योग्य ठरेल.

फंक्शनल मेडिसिन म्हणजे नेमके काय?

या विचारसरणीचे जनक म्हणून जेफ्री ब्लँड या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाचे नाव घेतले जाते. १९९१ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर फंक्शनल मेडिसिन’ ही संस्था स्थापन केली. २०१४ मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलँड क्लिनिक या नामांकित रुग्णालयाने या पद्धतीचे स्वतंत्र केंद्र सुरू केले आणि तिला प्रतिष्ठा लाभली.

या पद्धतीत पहिल्या भेटीला बराच वेळ दिला जातो. रुग्णाचा जन्म, बालपण, झालेले संसर्ग, घेतलेली प्रतिजैविके, मानसिक आघात, नोकरीचे स्वरूप, झोप आणि आहार यांची कालक्रमाने नोंद होते. त्यातून आजाराला पोषक ठरलेली पार्श्वभूमी, त्याला चालना देणारी घटना आणि तो टिकवून धरणारी कारणे वेगळी काढली जातात. पचन व शोषण, प्रतिकारशक्ती, ऊर्जानिर्मिती, उत्सर्जन, रक्ताभिसरण, संप्रेरके आणि शरीराची रचना अशा कार्यगटांत लक्षणांची मांडणी केली जाते. उपचारात काही काळ विशिष्ट पदार्थ वर्ज्य करणे, आहाराची पुनर्रचना, व्यायाम, झोपेचे नियमन, तणावनियंत्रण आणि बहुधा पूरक जीवनसत्त्वे व अर्क यांचा समावेश असतो.

भारतीय वाचकाला यातील बरेचसे परिचित वाटेल. आहार, विहार आणि दिनचर्या यांचा विचार आयुर्वेदाने केला आहे. पूर्वीचा कुटुंबवैद्य किंवा गावचा डॉक्टर रुग्णाच्या घरची सारी हकीकत जाणत असे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरच्या वाट्याला प्रत्येक रुग्णामागे काही मिनिटेच येतात. तेथे हा संवाद हरवला. फंक्शनल मेडिसिनकडे रुग्ण वळतात, त्याचे मोठे कारण कोणीतरी पूर्ण ऐकून घेते हे आहे.

भारतात मात्र ही मान्यताप्राप्त पदव्युत्तर वैद्यकीय शाखा नाही. काही एमबीबीएस वा एमडी पदवीधर डॉक्टर परदेशी संस्थांचे प्रमाणपत्र घेऊन ही पद्धत वापरतात, तर वैद्यकीय पदवी नसलेले ‘हेल्थ कोच’ही हेच नाव लावतात. पाटीवरील नाव एकच असले तरी त्यामागची पात्रता वेगवेगळी असू शकते.

पुरावा काय सांगतो?

क्लीव्हलँड क्लिनिकमधील रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फंक्शनल मेडिसिन केंद्रातील १,५९५ रुग्णांची तुलना नेहमीच्या कुटुंबवैद्यक केंद्रातील ५,६५७ रुग्णांशी केली होती. शारीरिक स्वास्थ्याबाबत रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांमध्ये सहा महिन्यांनी लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात २२ टक्के होते. फरक आशादायक आहे. परंतु हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता. या केंद्राकडे मुद्दाम जाणारा रुग्ण अधिक उत्सुक आणि अनेकदा अधिक सधन असतो. त्यामुळे सुधारणा पद्धतीची, संवादाची की रुग्णाच्या जिद्दीची, हे या अभ्यासावरून ठरत नाही.

याउलट, जीवनशैलीतील बदलांचा स्वतंत्र पुरावा बराच भक्कम आहे. अमेरिकेतील ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये मधुमेहाचा धोका असलेल्या ३,२३४ व्यक्ती सहभागी होत्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आहार आणि व्यायाम यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले.

भारतीयांसाठी अधिक जवळचा अभ्यास चेन्नईत झाला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहपूर्व स्थितीतील ५३१ व्यक्तींपैकी केवळ सामान्य सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. जीवनशैली बदललेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. गोळी आणि जीवनशैली या दोहोंचा एकत्र वापर केल्याने अधिकचा लाभ दिसला नाही. रोज चालणे आणि ताटातील बदल या साध्या गोष्टींचे मोल येथे स्पष्ट होते. त्याच वेळी, सारे करूनही दहांपैकी चौघांना मधुमेह झाला, हेही विसरता येत नाही. जीवनशैली हे प्रभावी साधन आहे. ती हमी नव्हे.

मधुमेह ‘उलटवता’ येतो का, याचे उत्तर ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीने दिले. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार देण्यात आला. एका वर्षानंतर त्यांतील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह गोळ्यांविना नियंत्रणात होता. दोन वर्षांनंतर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन पुन्हा वाढले तसा मधुमेहही परतला. म्हणूनच तज्ज्ञांनी २०२१ मध्ये या स्थितीला ‘बरा होणे’ असे न म्हणता ‘उपशम’ म्हटले आणि निकषही ठरवला : औषधे थांबवल्यानंतर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असणे. उपशमानंतरही वर्षातून किमान एकदा तपासणी आवश्यकच राहते.

मूळ किती खोल असते?

फंक्शनल मेडिसिन ‘मूळ कारण’ शोधण्याचा आग्रह धरते. अंबरपेठच्या शेजारच्या पोषण संस्थेने याच प्रश्नाचा शोध वेगळ्या मार्गाने घेतला आहे. या संस्थेचा उगम १९१८ मध्ये तमिळनाडूतील कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या बेरीबेरीविषयीच्या संशोधनात आहे. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले.

१९८७ ते १९९० या काळात संस्थेने हैदराबाद परिसरातील २९ गावांत पोषण आहाराची पाहणी केली. १५ गावांत एकात्मिक बालविकास योजनेतून गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना पूरक आहार मिळत होता. १४ गावांत तो अद्याप पोहोचला नव्हता. ही मुले १३ ते १८ वर्षांची झाल्यावर, २००३ ते २००५ दरम्यान, त्यांची पुन्हा तपासणी झाली. पूरक आहार मिळालेल्या गावांतील मुले सरासरी १४ मिलिमीटरने उंच होती. त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता अधिक चांगली होती आणि धमन्यांचा ताठरपणा कमी होता. रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांत मात्र फरक आढळला नाही. आईच्या आणि बाळाच्या वाट्याला आलेला साधा आहार दीड दशकानंतर मुलाच्या रक्तवाहिन्यांत दिसतो, हा या अभ्यासाचा अर्थ.

पुण्यात हीच दिशा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने अधिक स्पष्ट केली. के.ई.एम. रुग्णालयातर्फे १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, सरासरी २.७ किलोची, होती. परंतु त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून राहिलेली होती. २००४ मध्ये याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. भारतीय शरीर सडपातळ दिसले तरी निर्धोक असेलच असे नाही. त्यामुळे भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ पासूनच सावधगिरी सुचवली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : आजाराचे मूळ कधी कधी रुग्णाच्या जन्माआधीचे असते. मधुमेह झालेल्या माणसाला ‘तुम्हीच हे ओढवून घेतलेत’ असे सांगणे म्हणूनच अन्यायाचे आणि अशास्त्रीयही आहे.

ताटात काय असावे?

भारतीय आहारात कर्बोदकांचे प्राबल्य आहे. ‘इंडियाब’च्या आहारविषयक पाहणीनुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांपासून मिळते. पोषण संस्थेच्या तत्त्वांनुसार धान्यांपासून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांहून अधिक नसावी. दिवसाला २,००० कॅलरींच्या आहारासाठी संस्थेने सुचवलेले ताट असे : धान्ये व भरडधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा अंडी-मासे-मांस ८५ ग्रॅम, भाज्या व फळे मिळून ५०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्ये व डाळी यांची ही मापे कच्च्या वजनाची आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे.

हे ताट परके नाही. हैदराबादच्या घरात जोन्न रोट्टे, म्हणजे ज्वारीची भाकरी, पालेभाजी घालून केलेली डाळ आणि ताक यांतून ते साधते. मराठवाड्यातील भाकरी, पिठले आणि कच्चा कांदा-काकडी हे त्याचेच दुसरे रूप. गोव्यात उकड्या तांदळाचा भात निम्मा करून बांगडे किंवा तारले, अळसांद्यांची उसळ, खतखते आणि सोलकढी यांना जागा वाढवली तरी तेच साध्य होते. बदल पदार्थांपेक्षा प्रमाणाचा आहे. भाताचा डोंगर आणि भाजीची चिमूट हे नाते उलटे करायचे आहे. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि त्यासोबत उस्मानिया बिस्किटे, किंवा सकाळ-संध्याकाळ पाव, यांचा हिशेबही ताटातच धरला पाहिजे.

परंतु कोणत्याही एका पदार्थाला औषध मानणे चूक ठरते, याचा धडाही हैदराबादनेच दिला आहे. आज ज्वारीचे गुणगान सर्वत्र होते आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. सहा दशकांपूर्वी मात्र याच दख्खनच्या पठारावर, जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा आजार आढळत असे. उन्हात त्वचा काळवंडून सोलली जाणे, जुलाब आणि मानसिक विकार ही त्याची लक्षणे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध सुचवला. या उपपत्तीवर पुढे बरीच चर्चा झाली. परंतु डाळ, दूध आणि भाजी यांविना केवळ ज्वारी पुरेशी नाही, हा मुद्दा निर्विवाद राहिला. तेच धान्य वैविध्यपूर्ण आहारात गुणकारी असते आणि एकट्याने अपुरे पडते.

हालचाल, झोप आणि मन

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. भारतीयांत स्नायूंचे प्रमाण मुळात कमी असल्याने हा दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात दुर्लक्ष त्याकडेच होते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी वाढते. आपल्याकडील शतपावलीला हा आधुनिक आधार आहे.

रात्रीची सहा तासांहून कमी झोप आणि रात्रपाळी यांचा साखर व रक्तदाब यांच्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे ही झोपेतील श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. त्यावर जीवनसत्त्वाची गोळी नव्हे, तर तपासणी हवी.

योगाभ्यासाबाबत भारतात एक मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांच्या ‘योग-केअर’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगामुळे मृत्यू वा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. रुग्णांना वाटणारे स्वास्थ्य आणि दैनंदिन कामांकडे परतण्याची क्षमता मात्र सुधारली. योगाला कमी लेखण्याचे वा चमत्कार मानण्याचे कारण नाही, इतके त्यातून ठरते.

सावधगिरीची स्थळे

फंक्शनल मेडिसिनवरील आक्षेप मुख्यतः तीन गोष्टींवर आहेत. पहिली, तपासण्या. अन्नपदार्थांविरुद्धची ‘आयजीजी’ प्रतिपिंडे मोजून शेकडो पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणारी चाचणी महाग असते. युरोपीय, अमेरिकी आणि कॅनडाच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती निदानासाठी वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. ही प्रतिपिंडे बहुधा तो पदार्थ नियमित खाल्ल्याची खूण असतात. अशा अहवालावरून दूध, गहू आणि डाळी एकदम बंद केल्यास कुपोषणच पदरी पडते.

दुसरी, पूरक गोळ्या. येथे सरसकट नकार योग्य नाही. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि शाकाहारी व्यक्तींत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता खरोखरच आढळते. हातापायांतील मुंग्या केवळ मधुमेहामुळेच आहेत असे न मानता ते तपासले पाहिजे. परंतु कमतरता सिद्ध न करता दहा-बारा गोळ्या सुरू करणे धोक्याचे असते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बायोटिनमुळे थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातील हळदीला हे लागू होत नाही. गोळ्या सुचवणारा आणि विकणारा एकच असेल तर सल्ल्यात हितसंबंध मिसळलेला असतो.

तिसरी आणि सर्वांत गंभीर, औषधे थांबवणे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करू शकत नाही; तेथे इन्सुलिन थांबवणे म्हणजे काही दिवसांत प्राणावर बेतणे. ग्रंथी निकामी झालेल्या थायरॉईडच्या रुग्णाची गोळी, अपस्माराचे औषध, हृदयात स्टेंट बसवल्यानंतरचे रक्त पातळ ठेवणारे औषध यांना आहार हा पर्याय नाही. औषधे तशीच ठेवून आहार एकाएकी कमी करणेही घातक ठरते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण वगळले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेणाऱ्याने कर्बोदके जवळजवळ बंद केल्यास रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी फळे-भाज्यांचे रस आणि पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे मीठ’ घातक ठरू शकते. म्हणून क्रम असा हवा : आधी डॉक्टरांशी बोलणे, मग आहारात बदल, घरी नियमित मोजमाप, आणि आकडे सुधारतील तसतशी डॉक्टरांनीच औषधात केलेली घट.

कायद्याचीही मदत आहे. औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, उच्च व नीच रक्तदाब, हृदयविकार, कर्करोग, स्थूलता आदी विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. ‘तीन महिन्यांत मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असे औषध विकणारी जाहिरात ही सवलत नसून धोक्याची सूचना समजावी.

उपचारकाला विचारण्याचे प्रश्न

फंक्शनल मेडिसिन अथवा तत्सम पद्धतीकडे वळण्यापूर्वी रुग्णाने पुढील प्रश्न विचारणे हिताचे ठरते :

* उपचारकाची मूळ वैद्यकीय पदवी कोणती आणि राज्य वैद्यकीय परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का?
* सुचवलेल्या प्रत्येक तपासणीच्या निकालावरून उपचारात नेमका कोणता बदल होणार आहे?
* पूरक गोळ्या किती काळ घ्यायच्या, कोणत्या आकड्यावर थांबवायच्या आणि त्या बाहेरून घेता येतील का?
* सध्याच्या डॉक्टरांशी हा उपचारक संपर्क ठेवणार आहे का?
* सहा महिन्यांचा एकूण खर्च किती, आणि लाभ झाला की नाही हे कोणत्या मोजमापाने ठरवायचे?

मोजमाप साधे असावे. मधुमेहींसाठी दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी, घरी मोजलेला रक्तदाब, कमरेचा घेर, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड व पाय यांची तपासणी. एवढ्यावर बहुतेक निर्णय घेता येतात. ‘विषद्रव्ये बाहेर टाकण्याच्या’ महागड्या कार्यक्रमापेक्षा ही यादी रुग्णाला अधिक सुरक्षित ठेवते.

बदल एकट्याचा नसतो

जीवनशैलीचा सल्ला देणे सोपे असले तरी तो पाळण्याचे ओझे घरात समान वाटले जात नाही. वेगळा नाश्ता, वेगळी भाजी, वेगळी भाकरी हे काम बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येते. तिचे स्वतःचे चालणे, झोप आणि तपासणी मात्र मागे पडते. रुग्णाचे ताट वेगळे करण्याऐवजी घराचेच ताट बदलले तर हा भार हलका होतो, आणि मधुमेहाची आनुवंशिक शक्यता असलेल्या मुलांनाही लाभ मिळतो. अंबरपेठ-काचीगुड्यासारख्या दाट वस्तीत चालण्यासाठी मोकळी जागा शोधावी लागते, आणि पाळीत काम करणाऱ्याला झोपेची वेळ निवडता येत नाही. पदपथ, उद्याने, शाळेतील आहार आणि गरोदर मातांचे पोषण हे म्हणूनच वैयक्तिक निर्धाराइतकेच सार्वजनिक धोरणाचे विषय आहेत. हैदराबादच्या २९ गावांतील अभ्यासाचे फलितही तेच होते : तेथील मुलांच्या रक्तवाहिन्या सुधारल्या त्या कोणा महागड्या केंद्रामुळे नव्हे, तर अंगणवाडीतील आहारामुळे.

फंक्शनल मेडिसिनने रुग्णाचे पूर्ण ऐकून घेण्याची आणि कारणाचा शोध घेण्याची आठवण करून दिली, हे तिचे श्रेय मान्य करावे लागते. त्यातील जो भाग सिद्ध झाला आहे, तो मात्र कोणाच्याही मालकीचा नाही आणि बराचसा विनामूल्य आहे : धान्य कमी व भाजी-डाळ अधिक असलेले ताट, रोजचे चालणे, पुरेशी झोप, तंबाखू व दारूपासून दूर राहणे, नियमित तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेले औषध. गोव्यातील चारांपैकी एका प्रौढाला, तसेच अंबरपेठेतील त्याच्या मराठी आप्ताला, सुरुवात करण्यासाठी एवढी शिदोरी पुरेशी आहे.